यंत्राला शिवलेली खोळ

डेपोत त्यांना सगळे चकाचक बाई म्हणायचे, आणि ते नाव बाईंनी फुकटात मिळवलेलं नव्हतं. त्या बस चालवायला लागल्या तेव्हा डेपोत बायकांना हात धुवायलासुद्धा वेगळी जागा नव्हती. पहिल्या दिवशी गाडीची चावी देताना मॅनेजरनं तोंड वाकडं करून विचारलं, बाई, जमेल ना? बाईंनी आधी स्टिअरिंग पुसलं, मग पुढची काच, मग आरसे, मग दाराचा दांडा, आणि मगच गाडी काढली. संध्याकाळी गाडी परत आणून लावली तेव्हा मॅनेजरला त्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं म्हणतात. खरंखोटं तोच जाणे.

तेव्हापासून बाई न पुसलेल्या गाडीत कधी बसलेल्या नाहीत. कुणी तिकिटाचा चुरगळा खाली टाकला की बाई गाडी स्टॉपवर उभी करून मागे वळून नुसतं बघायच्या. भल्याभल्यांनी वाकून ते तिकीट उचललेलं आहे. इतर ड्रायव्हर चेष्टा करायचे, की बाईंच्या गाडीत चढताना चपला हातात घ्याव्या लागतात. घ्या की मग, बाई म्हणायच्या, कुणी अडवलंय?

घरी माणसं मोजकी. नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, बाईसुद्धा. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि त्या मशीनच्या टकटकीशिवाय घरात कुणाला चैन पडत नसे. मुलगा परगावी नोकरीला, शनिवारी यायचा. म्हणजे एरवी घरात ही दोघं आणि सून. या सुनेचं काम काय, हे बाईंना बरेच दिवस कळलंच नव्हतं. शहराच्या वाहतूक कचेरीत ती हवेचं बघते, एवढं त्या शेजारणींना सांगायच्या आणि विषय बदलायच्या. हवेचं काय बघणार, डोंबल? हवा काय दिसते?

मग एका रविवारी सुनेनं त्यांना संगणकापुढे बसवून सांगितलं. एखाद्या रस्त्यावरून किती गाड्या जातात, त्यात ट्रक किती, बस किती, चढ कुठे आहे, दोन्ही बाजूंच्या इमारती किती उंच, वारा कुठून येतो, हे सगळं आत घालायचं. मग संगणक सांगतो की त्या रस्त्यावर उभ्या माणसाच्या छातीत किती धूळधूर जाणार. आणि खरी गंमत पुढे. उद्या हा रस्ता बंद केला, गाड्या त्या रस्त्यानं सोडल्या, तर काय होईल हेही तो आधीच सांगतो. म्हणजे गाड्या हलवायच्या आधी धूर हलवून बघायचा. या सगळ्याला ती मॉडेल म्हणायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की माझा रस्ता आहे का यात? होता. सुनेनं बोट ठेवून दाखवला. त्या दिवसापासून बाई शेजारणींना विषय बदलू देईनात.

तर मॉडेल म्हणजे शेवटी गणित. ते बरोबर आहे की नाही हे बघायला खरी हवा मोजावी लागते. म्हणून कचेरीनं काही बसना यंत्रं लावायचं ठरवलं, आणि सुनेनं हट्ट धरून एक यंत्र सासूच्या गाडीला मिळवलं. डब्याएवढं पांढरंशुभ्र खोकं, ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर आरशाखाली बसवलेलं, बुडाला जाळीचं तोंड. दिवसभर आकडे आपोआप कचेरीत जायचे. बसवलं त्या दिवशी सून म्हणाली, "आई, जपा हं याला. साहेबांच्या मागे लागून लागून आणलीत ही यंत्रं. एक जरी बिघडलं ना, तर पुन्हा मागायला तोंड राहणार नाही मला."

आता सांगा, असं म्हटल्यावर चकाचक बाई गप्प बसतील?

दुसऱ्याच दिवशी त्या पांढऱ्या खोक्याच्या जाळीवर काळपट पुटं दिसली. बाईंच्या जिवाला चैन पडेना. एवढं महागाचं यंत्र, सुनेची इज्जत त्यात अडकलेली, आणि त्याच्या तोंडात दिवसभर ही घाण जाणार? घरी येऊन त्यांनी मास्तरांना माप दिलं. मास्तरांनी सुती कापडाची चांगली चार पदरी खोळ शिवली, काठाला इलॅस्टिक, टाके असे की सुई शिरायला जागा नाही. दोन शिवल्या, एक अंगावर आणि एक धुण्यात. सकाळी डेपोतून गाडी काढली की बाई खिडकीतून हात बाहेर काढून खोळ चढवायच्या आणि संध्याकाळी गाडी लावताना काढून खिशात टाकायच्या. घरी धुवायच्या. पाणी काळं निघालं की त्यांना समाधान वाटायचं, की बरं झालं, हे सगळं त्या बिचाऱ्या यंत्राच्या पोटात गेलं असतं. दोरीवर वाळणारी खोळ सुनेनं कितीदा तरी पाहिली. तिला वाटलं, बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं असेल. शिंप्याच्या घरात फडक्यांचं काय नवल?

उन्हाळा सरता सरता सुनेच्या कचेरीनं नकाशा छापला. ज्या रस्त्यांवर यंत्रं फिरली ते सगळे रस्ते रंगवलेले. वाईट हवा लाल, मधली पिवळी, चांगली हिरवी. सगळ्या नकाशात लालपिवळ्याचा चिखल, आणि त्यात एकच लांबलचक रस्ता हिरवागार. बाईंचा.

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो नकाशा त्यांनी डेपोच्या भिंतीवर स्वतः चिकटवला, सगळ्यांना चहा पाजला, आणि वर ऐकवलं, की बघा, उगाच नाही पुसत मी. गाडी स्वच्छ तर रस्ता स्वच्छ. यात काही तर्क नव्हता हे त्यांनाही कळत होतं, पण आनंदाला तर्क कुठे लागतो? त्या आठवड्यात बाई गाडी चालवत नव्हत्याच, मिरवत होत्या.

सुनेचा चेहरा मात्र उतरलेला. मॉडेलनं तोच रस्ता लाल सांगितला होता. नुसता लाल नाही, गडद लाल. त्या रस्त्याला शाळेपाशी दोन्ही बाजूंनी उंच इमारती, धूर वर जायला वाट नाही. पुढे दवाखान्याचा चढ, तिथे प्रत्येक गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढते. हिरवा येणं शक्यच नाही, असं ती म्हणायची. तिनं तपासणीस पाठवला. तो बिचारा संध्याकाळी डेपोत आला, कारण दिवसा बस थांबणार कुठे? हातातलं यंत्र शेजारी धरून बघितलं, दोन्हीचे आकडे जुळले, यंत्र उत्तम असा शेरा मारून गेला. खोळ तेव्हा बाईंच्या खिशात होती.

एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण शहरातला जुना पूल दुरुस्तीला काढला आणि मालाचे ट्रक वर्षभर कुठून न्यायचे हा प्रश्न आला. वाटा दोन. एक कालव्याच्या कडेनं गोदामांमागून, लांबचा वळसा, वस्ती नाही. दुसरी सरळ आणि जवळची, म्हणजे बाईंचा रस्ता. ट्रकवाल्यांच्या संघाला अर्थातच जवळची हवी होती. आणि आता त्यांच्या हातात नकाशा होता. हवा चांगली आहे, थोडे ट्रक सोसेल की हा रस्ता. सुनेच्या साहेबांनाही ते पटलं. गणित आणि मोजमाप यांचं भांडण झालं तर मोजमाप खरं, असं ते तिला म्हणाले. वाईट माणूस नव्हे, पण तिची दोन वर्षांची मेहनत त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवली. महिनाअखेरच्या खुल्या सभेत निकाल लागायचा होता.

हे सगळं बाईंना जेवताना कळलं. सून ताटात नुसती बोटं फिरवत होती. बाईंनी आपल्या परीनं समजूत घातली, की अगं, चुकतं एखादं गणित, रस्ता चांगला निघाला हे चांगलंच नाही का? त्यावर सून म्हणाली, चांगला असता तर मीच नाचले असते आई, पण मला पटत नाहीये. मग बोलता बोलता तिनं त्या यंत्राच्या पोटात काय असतं ते सांगितलं. छोटा पंखा असतो, तो तोंडातून हवा आत ओढतो, आत उजेडाची तिरीप असते, तिच्यापुढून धुळीचा कण गेला की तो मोजला जातो. बस, एवढंच. जितकी धूळ आत जाईल तितकी मोजायची.

बाईंचा घास तोंडातच राहिला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पाण्याचा पेला हातात धरून तसेच बसले होते. सून आपलं ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खोळ चढवली नाही. ती शर्टाच्या खिशातच राहिली, आणि दर स्टॉपला त्यांना ती टोचत होती. सांगायचं तर कुठल्या तोंडानं? सगळ्या डेपोला चहा पाजून झाला होता. ज्या माणसानं आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, त्यानं आता उठून सांगायचं की मीच माती खाल्ली? आणि न सांगून तरी काय बिघडतं, असंही मनात येऊन गेलं. आजपासून खोळ नाही, म्हणजे आकडे आपोआप सुधारतील. कुणाला कळणार?

शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी थांबली. पुढे एक डिझेलचा टेम्पो उभा होता, त्याच्या मागचा धूर दोन्हीकडच्या इमारतींच्या मधे तसाच लोंबत राहिला होता. हा धूर बाई रोज बघत होत्या. रोज खोळ काळी होत होती. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांनी त्या तो काळा रंग मोरीत ओतत होत्या, आणि भिंतीवरच्या हिरव्या रेघेकडे बघून फुगत होत्या. एका मुलीनं ओलांडता ओलांडता बाईंना हात केला. ती रोज करायची. हा टेम्पो एकच आहे, सभेनंतर इथून ट्रकांची रांग लागेल, आणि ती आणली कुणी, तर आम्ही.

पाळी संपल्यावर बाई तशाच गणवेशात सुनेच्या कचेरीत गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सून घाबरून उठली, तिला वाटलं मास्तरांना काही झालं. बाईंनी खिशातून खोळ काढून तिच्या टेबलावर ठेवली.

"तुझं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यंत्राच्या तोंडाला मी हे बांधत होते. पहिल्या आठवड्यापासून."

सुनेनं ती खोळ उचलली, इलॅस्टिक ताणून पाहिलं, आतले चार पदर बोटानं चाचपले. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेचना. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. बाईंना वाटलं, आता ही ओरडणार. पण सून म्हणाली, मीच म्हणाले होते ना आई, जपा म्हणून. तुमच्या हातात काही जपायला द्यायचं म्हणजे काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

मग ती कामाला लागली, आणि ते बघणं हा बाईंच्या आयुष्यातला एक सोहळा होता. बाईंच्या गाडीला तिनं शेजारी शेजारी दोन यंत्रं लावली, एकाला खोळ, एक उघडं. सभेपर्यंत रोज गाडी तशीच फिरली. खोळवाल्याचे आकडे हिरवे, उघड्याचे लाल. आणि उघड्याची रेघ मॉडेलच्या रेघेवर अशी बसली की कागद उजेडासमोर धरला तर एकच रेघ दिसावी. शाळेपाशी वर, दवाखान्याच्या चढावर आणखी वर, जिथे गणितानं सांगितलं होतं तिथेच. सुनेनं ते कागद घरी आणून दाखवले तेव्हा बाई खूप वेळ बघत राहिल्या. रस्त्यावर पाऊल न ठेवता या पोरीनं त्यांच्या रस्त्याची नाडी ओळखली होती. हे डेपोतल्या कुणाला सांगू नि कुणाला नको, असं त्यांना झालं.

पण अहवालात सुनेनं लिहिलं होतं, यंत्राच्या तोंडाशी अडथळा आल्यानं आकडे कमी आले. कसला अडथळा, कुणी आणला, काही नाही. बाईंनी विचारलं तर ती म्हणाली, कशाला आई, उगाच सगळ्या शहरापुढे तुमचं हसं. बाईंनी पुढे ताणलं नाही. खरं म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

सभेला दालन भरलेलं होतं. बाई मागच्या रांगेत बसल्या, शेजारी मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून. सुनेनं आपलं म्हणणं नीट मांडलं. मग ट्रकवाल्यांच्या संघाचा माणूस उठला. बोलायला तयारीचा. तो म्हणाला, एका यंत्राला अडथळा आला म्हणता, मग बाकीच्यांना नाही आला कशावरून? अडथळा काय होता हे तरी सांगा. सांगता येत नसेल तर सगळीच मोजमापं रद्द करा आणि जवळचा रस्ता द्या मोकळा. दालनात कुजबुज झाली. साहेबांनी सुनेकडे पाहिलं, की उत्तर द्या. सुनेनं माइक जवळ ओढला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिची नजर मागच्या रांगेकडे गेली आणि लगेच खाली वळली.

बाईंना सगळं कळलं. पोरगी त्यांची अब्रू वाचवायला स्वतःची पणाला लावून उभी होती. इतकी मेहनत, इतके रस्ते, ती शाळा, सगळं त्या एका न बोललेल्या शब्दापाशी अडलं होतं. बाई उठल्या. मास्तरांनी त्यांचा हात दाबला, पण तो थांबवायला नव्हे.

"अडथळा मी आणला," बाई मोठ्यानं म्हणाल्या. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज, माइक लागला नाही. "त्या रस्त्यावर मी गाडी चालवते. यंत्राच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून मी त्याला खोळ घालत होते. ही बघा. अशी अख्ख्या शहरात दुसऱ्या कुठल्या यंत्राला नाही, जाऊन बघून या."

त्यांनी खोळ वर धरली. आदल्या दिवशीची, न धुतलेली, काळीकुट्ट. सगळं दालन हसलं. पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत, ट्रकवाल्यांसकट. बाईंची कानशिलं तापली. पण त्या बसल्या नाहीत. हसणं ओसरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, हात वर, खोळ हातात. हळूहळू लोकांचं लक्ष बाईंवरून त्या कापडावर गेलं. एका दिवसाचा काळा रंग होता तो. हसणं आपोआप थांबलं.

साहेबांनी चष्मा काढून विचारलं, बाई, तुमचं नाव काय लिहायचं?

"काहीही लिहा," बाई म्हणाल्या. "पण पुढे लिहा, हिची सासू."

निकाल त्याच दुपारी लागला. ट्रक कालव्याकडून. पुढे बाकीची यंत्रंही तपासली, सगळी उघडीच होती. त्या दुपारी जिना उतरताना मास्तरांनी हळूच सुनेला विचारलं, शिलाई तरी बरी होती ना? ती म्हणाली, बाबा, तुमच्या शिलाईनंच तर घात केला. दुसऱ्या कुणी शिवली असती तर फटीतून थोडी तरी धूळ आत गेली असती, आकडे वरखाली झाले असते आणि मला संशय आला असता. मास्तर घरापर्यंत तेवढ्यावरच खूश होते.

डेपोत अर्थातच कुणी सोडलं नाही. चकाचक बाईंच्या खोळबाई झाल्या. सगळ्या डेपोंना पत्रक आलं, की यंत्राला कोणीही काहीही बांधू नये, आणि ते वाचून प्रत्येक जण बाईंकडे बघून दात काढायचा. बाई म्हणायच्या, तुमच्यासाठी कधी निघालंय का पत्रक? भिंतीवरचा जुना नकाशा त्यांनी स्वतः उतरवला आणि सुनेनं दिलेला नवा लावला. त्यात त्यांचा रस्ता गडद लाल.

परवाचीच गोष्ट. शाळेच्या स्टॉपवर गाडी उभी होती. पुढच्या सीटवरचा एक माणूस शेजाऱ्याला सांगत होता, की हा रस्ता नकाशात एकदम लाल दाखवलाय, शरमेची गोष्ट आहे. बाईंनी आरशातून त्याला पाहिलं, हँडब्रेक ओढला आणि मागे वळल्या.

"लाल आहे म्हणून इथे ट्रक नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तो लाल माझ्या सुनेनं काढलाय."

बाहेर ती मुलगी नेहमीसारखा हात करत होती. बाईंनी हात केला, मुलं पलीकडे पोचेपर्यंत थांबल्या, आणि गाडी काढली. खिडकीबाहेर यंत्राचं तोंड उघडं होतं, धुळीनं माखलेलं. बाईंना ते अजूनही बघवत नाही, पण पुसत मात्र नाहीत.